एका बिटात दोन स्वर : झेडएक्स स्पेक्ट्रमच्या बीपरवरचं संगीत

चाळीसआठ_के

४८के स्पेक्ट्रम या १९८० च्या दशकातल्या घरगुती संगणकात (प्रोसेसर झेड८०) ध्वनीसाठी वेगळी चिप नाही. आहे तो फक्त एक छोटा स्पीकर, म्हणजे बीपर, पोर्ट २५४ च्या चौथ्या बिटाला जोडलेला. बिट १ केला की स्पीकरचा पडदा पुढे, ० केला की मागे. बेसिकमधलं बीप एका वेळी एकच स्वर काढतं आणि तो संपेपर्यंत मशीन दुसरं काही करत नाही.

तरीही मेलबर्न हाउसच्या 'व्हॅम! द म्युझिक बॉक्स' (१९८५) या संगीत लिहायच्या प्रोग्राममध्ये दोन स्वर आणि वर ताल एकत्र ऐकू येतो. संगीतकार टिम फॉलिनच्या 'एजंट एक्स' (१९८६) आणि 'क्रोनोस' (१९८७) या खेळांतल्या चाली तर त्याच्याही पुढे जातात. याच्यामागचं तंत्र नीट समजून घ्यायचं आहे, आणि जमल्यास सगळ्यात लहान दोन स्वरी रूटीन स्वतः टाइप करून चालवायचं आहे. टी-स्टेटच्या (प्रोसेसरच्या घड्याळाचा एक ठोका, सेकंदाला ३५ लाख; थोडक्यात टी) हिशेबासकट कोणी सांगेल का?

झिलॉग

चांगला विषय काढलात. आधी तत्त्व सांगतो, मग कोड.

दोन चौकोनी लहरी एका बिटात बेरीज करून घालता येत नाहीत, कारण बेरीज ०, १ किंवा २ येते आणि बिटाला दोनच किमती माहीत. म्हणून बेरीज वेळेत करायची. काही मायक्रोसेकंद पहिल्या स्वराचा बिट पोर्टवर ठेवायचा, मग तितकाच वेळ दुसऱ्याचा, पुन्हा पहिल्याचा. ही अदलाबदल सेकंदाला पंचवीस-तीस हजार वेळा झाली की स्पीकरचा पडदा तिच्यामागे धावू शकत नाही, सरासरी जागी थांबतो. दोन्ही बिट १ असतील तर पूर्ण पुढे, एकच १ असेल तर अर्ध्यावर, दोन्ही ० असतील तर मागे. झाली बेरीज.

स्वर मोजायला प्रत्येकी एक १६ बिटी रजिस्टर जोडी (रजिस्टर म्हणजे प्रोसेसरच्या आतली आकडा ठेवायची जागा). एचएलमध्ये डीई मिळवत राहायचं, एचएल भरून वाहिलं की पुन्हा शून्याजवळून सुरुवात. एचचा सगळ्यात वरचा बिट अर्धा वेळ ०, अर्धा वेळ १ असतो. तीच चौकोनी लहर. डीई जितका मोठा तितका स्वर उंच. दुसऱ्या स्वराची जोडी पर्यायी रजिस्टरांत ठेवायची आणि ईएक्सएक्सने चार टीमध्ये तिच्यावर जायचं. स्मृतीतून काही वाचावं लागत नाही, म्हणून लूप इतका आटोपशीर बसतो.

एका स्वराचं काम असं : ॲड एचएल,डीई ११ टी, एलडी ए,एच ४, आरएलए ४ (वरचा बिट कॅरी नावाच्या एका बिटाच्या खुणेत), एसबीसी ए,ए ४ (ए मध्ये ० किंवा २५५), ॲंड १६ ला ७, आउट (२५४),ए ला ११ (हीच पोर्टवर लिहिणारी सूचना). एकूण ४१. दुसऱ्यासाठी हेच. शिवाय दोन ईएक्सएक्स ८ टी, आणि लांबी मोजायला डीईसी बीसी ६, एलडी ए,बी ४, ओआर सी ४, जेपी एनझेड १०.

बेरीज ११४ टी. ३५ लाख भागिले ११४, म्हणजे सेकंदाला सुमारे ३०,७०० फेऱ्या.

तारजोड

हिशेब बरोबर, पण क्रम तसाच ठेवला तर दुसरा स्वर पहिल्याला दाबून टाकेल. मोजणीचे २४ टी सगळे फेरीच्या शेवटी पडतात. पहिल्या आउटपासून दुसऱ्या आउटपर्यंत ४५ टी, आणि दुसऱ्यापासून पुढच्या फेरीतल्या पहिल्यापर्यंत ६९. म्हणजे दुसऱ्याचा बिट पोर्टवर दीडपटीहून जास्त वेळ राहतो. बीपरवर आवाजाची पातळी म्हणजे पोर्टवरचा वेळ, दुसरं काही नाही.

डीईसी बीसी पहिल्या आउटनंतर हलवा, त्याच्या मागे तीन एनओपी (काहीही न करणारी, चार टीची सूचना) घाला. आता ६३ आणि ६३, फेरी १२६ टी. ३.५ मेगाहर्ट्झवर ही फेरी बरोबर ३६ मायक्रोसेकंदांची होते.

झिलॉग

मान्य. हे घ्या पूर्ण, ५० बाइट :

१० क्लिअर ३२७६७
२० फॉर ए=३२७६८ टू ३२८१७: रीड बी: पोक ए,बी: नेक्स्ट ए
३० रँडमाइज यूएसआर ३२७६८
४० डेटा २४३,३३,०,०,१७,१५६,३,२१७
५० डेटा ३३,०,०,१७,१०४,२,१,१३०,१०८
६० डेटा २५,१२४,२३,१५९,२३०,१६,२११,२५४,११,०,०,०,२१७
७० डेटा २५,१२४,२३,१५९,२३०,१६,२११,२५४,२१७,१२०,१७७,१९४,१७,१२८
८० डेटा ३३,८८,३९,२१७,२५१,२०१

सगळ्या डेटाची बेरीज ५०५८ आली पाहिजे. चालवण्याआधी ही बेरीज तपासा आणि प्रोग्राम सेव्ह करा. एक आकडा चुकला तरी मशीन अडकतं किंवा रीसेट होतं आणि टाइप केलेलं सगळं जातं.

खालच्या स्वराचा आकडा ३२७८० आणि ३२७८१ मध्ये (१०४,२ म्हणजे ६१६), वरचा ३२७७३ आणि ३२७७४ मध्ये (१५६,३ म्हणजे ९२४). लांबी ३२७८३ आणि ३२७८४ मध्ये; १३०,१०८ म्हणजे २७७७८ फेऱ्या, एक सेकंद. लहान बाइट नेहमी आधी.

हवा तो स्वर काढायला : हर्ट्झ गुणिले २.३५९३, जवळचा पूर्णांक. ४४० साठी १०३८. चूक पाव सेंटच्याही आत (सेंट म्हणजे सप्तकाचा बाराशेवा भाग).

मेघमल्हार

तीन प्रश्न. पहिलं २४३ कशासाठी? शेवटी १००७२ (८८,३९) एचएलमध्ये का भरलं आहे? आणि वाजताना बॉर्डर (चित्राभोवतीची पट्टी) काळी होते, ते चुकलं म्हणायचं का?

झिलॉग

२४३ म्हणजे डीआय, इंटरप्ट बंद. ते काढलं तर दर २० मिलिसेकंदांनी रॉममधला (कायमच्या स्मृतीतला) प्रोग्राम कीबोर्ड तपासायला जाईल, तेवढा वेळ स्पीकर जागच्या जागी थांबेल आणि सुरांखाली ५० हर्ट्झची घरघर येईल. बेसिकचं बीपसुद्धा इंटरप्ट बंद करूनच वाजतं. याची किंमत अशी की २३६७२ पासूनचं फ्रेम मोजणारं घड्याळ तेवढा वेळ थांबतं. त्या घड्याळावर चालणारा खेळ असेल तर लक्षात ठेवा.

१००७२ : बेसिकला परत जाताना पर्यायी एचएलमध्ये हीच किंमत लागते. आपण पर्यायी रजिस्टरं वापरतो, म्हणून जाताना ती जागेवर ठेवायची. विसरलात तर स्वर व्यवस्थित वाजतो आणि आरईटीने बेसिककडे परतल्यावर मशीन कोसळतं. मग चूक लूपमध्ये शोधण्यात वेळ जातो. आयवायला आपण हात लावत नाही, त्याचंही बेसिकला तितकंच काम असतं.

बॉर्डर चुकलेली नाही. पोर्ट २५४ चे खालचे तीन बिट बॉर्डरचा रंग ठरवतात. ॲंड १६ ने ते शून्य होतात, म्हणून काळी. दुसरा रंग हवा असेल तर ॲंडनंतर ओआर करून रंगाचा आकडा मिसळावा लागेल, दोन्हीकडे ७ टी वाढतील आणि सगळे स्वर उतरतील. त्यापेक्षा काळी राहू द्या.

पंचम

६१६ आणि ९२४ हे २:३ आहेत, म्हणजे शुद्ध षड्ज-पंचम. छान निवड. पण सा म्हणून ६२४ घ्या, कारण सगळी शुद्ध सप्तक पूर्णांकात बसते :

सा ६२४, रे ७०२, ग ७८०, म ८३२, प ९३६, ध १०४०, नि ११७०, तार सा १२४८.

गुणोत्तरं ९/८, ५/४, ४/३, ३/२, ५/३, १५/८. कुठेच अपूर्णांक उरत नाही, म्हणून एकाही स्वरात पूर्णांक करताना येणारी चूक नाही. पोक करायला (म्हणजे स्मृतीतल्या जागी आकडा भरायला) : सा ११२,२. ग १२,३. प १६८,३.

या मशीनचं स्वतःचं बीप समान बारा भागांच्या सप्तकावर चालतं. तिथे पंचम शुद्धापेक्षा २ सेंट उतरलेला, गंधार मात्र तब्बल १४ सेंट चढलेला. बीपला स्वराच्या जागी अपूर्णांक चालतो, म्हणून फरक ऐकायचा असेल तर आधी बीप १,४ आणि मग बीप १,३.८६ द्या. सलग ऐकलं की शुद्ध गंधार उतरून जागेवर बसल्यासारखा वाटतो. खरा फरक मात्र दोन स्वर एकत्र वाजतात तेव्हाच कळतो. ६२४ आणि ७८० वाजवा, मग ७८० ऐवजी ७८६ (१८,३) ठेवा. दुसऱ्या वेळी सुरांत कंप येतो, पहिल्या वेळी अजिबात नाही. एका बिटाच्या स्पीकरवर ही गोष्ट इतकी स्वच्छ ऐकू येते याचं मला फार अप्रूप आहे.

मेघमल्हार

पंचम, तानपुऱ्यासारखं काही जमेल का यावर?

पंचम

जवारीचं काही अंशी जमेल. दोन्ही जागी सा ठेवा, पण एक ६२४ आणि दुसरा ६२५. एका आकड्याचा फरक म्हणजे ०.४२ हर्ट्झ, म्हणून साधारण २.४ सेकंदांत एक हेलकावा पुरा होतो. लांबीच्या दोन्ही जागी ० टाकली तर ६५,५३६ फेऱ्या वाजतात, म्हणजे २.३६ सेकंद, जवळपास एक हेलकावा. चौकोनी लहरी एकमेकींवरून सरकतात तेव्हा एकामागून एक वेगळा उपस्वर उजळतो. तारेचा छेड मात्र येत नाही, कारण स्वराची पातळी हळूहळू उतरवायची सोय या लूपमध्ये नाही.

तारजोड

पातळी उतरवायची सोय करता येते. आरएलए काढून त्या जागी सीपी आणि एक आकडा ठेवा (७ टी). एच त्या आकड्यापेक्षा लहान असेल तेव्हा कॅरी १. आकडा १२८ असेल तर निम्मा वेळ चालू, ६४ असेल तर पाव, १६ असेल तर सोळावा भाग. लहर अरुंद झाली की आवाजही बारीक होतो. स्वररंगही पालटतो : निम्म्याला फक्त विषम उपस्वर येतात, पावाला सम उपस्वरही येतात आणि फक्त चौथा, आठवा असे गळतात. हा आकडा स्वर वाजताना टप्प्याटप्प्याने कमी करत नेला की छेडलेल्या तारेचा भास होतो. दोन्हीकडे तीन-तीन टी वाढतील, फेरी १३२ होईल, २.३५९३ च्या जागी २.४७१६ धरा.

चाळीसआठ_के

टाइप केलं, बेरीज ५०५८ आली, वाजलं. पण इम्युलेटरवर (आजच्या संगणकावर स्पेक्ट्रमची नक्कल करणारा प्रोग्राम) सुरांत किंचित खरखर आहे. कोड ३०००० वर हलवून पाहिला (उडीचा पत्ताही बदलला), तर खरखर फार वाढली आणि स्वर स्पष्ट उतरले. असं का?

झिलॉग

३०००० चं कारण ठरलेलं आहे. १६३८४ ते ३२७६७ ही स्मृती प्रोसेसर आणि यूएलए (चित्र रंगवणारी आणि पोर्ट २५४ सांभाळणारी चिप) दोघं वापरतात. यूएलए टीव्हीच्या पडद्याची ओळ रंगवत असताना, म्हणजे २२४ टीच्या ओळीतले १२८ टी आणि ३१२ पैकी १९२ ओळी, प्रोसेसरने तिथून एक बाइट जरी मागितला तरी त्याला शून्य ते सहा टी थांबावं लागतं. लूपमधली प्रत्येक सूचना तिथूनच येते, म्हणून वर-खाली बॉर्डर चालू असताना लूप वेगात आणि पडद्याच्या भागात मंद. सेकंदाला पन्नास वेळा हा बदल होतो, तोच खरखर म्हणून ऐकू येतो. म्हणून बीपरचा कोड ३२७६८ च्या खाली कधीच ठेवायचा नाही. १६के मशीनवर वरची स्मृतीच नाही, तिथे हे रूटीन स्वच्छ वाजणार नाही.

३२७६८ वरची किंचित खरखर मात्र वेगळी, आणि तिच्याकडे बरेच जण दुर्लक्ष करतात. कोड वर असला तरी पोर्ट २५४ यूएलएचंच आहे. आउट पोचल्यावर यूएलए कामात असेल तर आउटलाही थांबावं लागतं. थांबण्याचा नमुना दर आठ टीला तोच येतो : ६,५,४,३,२,१,०,०. आपले आउट ६३ टीवर पडतात, म्हणजे आठाच्या पटीला एक कमी. म्हणून पडद्याच्या भागात जवळपास प्रत्येक आउट एक टी उशिरा पडतो आणि बॉर्डरमध्ये वेळेवर.

दोन्ही अंतरं ६४ केली की हा प्रश्नच मिटतो. पहिला आउट थांबून ० च्या जागी गेला की पुढचे सगळे त्याच जागी पडतात. ओळ २२४ टीची आणि फ्रेम ६९,८८८ टीची, दोन्ही आठाच्या पटीत, म्हणून जागा पुढेही सुटत नाही.

पण दोन्हीकडे नेमका एकच टी वाढवायचा कसा? सगळ्यात लहान एनओपी चार टीचा. पहिल्या अंतरात तीन एनओपी (१२ टी, ३ बाइट) काढून एलडी ए,(०) ठेवा : १३ टी, ३ बाइट. दुसऱ्या अंतरात ॲंड १६ (७ टी, २ बाइट) च्या जागी ॲंड आयएक्सएच : ८ टी, २ बाइट. आयएक्सएचमध्ये आधी १६ भरलेला हवा. ही सूचना झिलॉगच्या पुस्तिकेत दिलेली नाही, पण झेड८० वर चालते.

पोक ३२७९४,५८
पोक ३२७८९,२२१: पोक ३२७९०,१६४
पोक ३२७८३,२०८: पोक ३२७८४,१०६

आणि ३२८१८ पासून सात बाइट : २२१,३३,०,१६,१९५,०,१२८. आता रँडमाइज यूएसआर ३२८१८ ने सुरू करा. ३२७६८ ने केलंत तर आयएक्स भरलं जाणार नाही आणि पहिला स्वर गायब होईल किंवा बॉर्डरवर रंगीत पट्टे येतील.

फेरी १२८ टी, सेकंदाला २७,३४४. गुणक २.३९६७. सगळे स्वर २७ सेंट उतरतात, गुणोत्तरं तीच राहतात. पंचम यांचा ६२४ आता २६०.४ हर्ट्झवर येतो, काळी-पांढरीच्या पट्टीतल्या पांढरी एकच्या अगदी जवळ.

चाळीसआठ_के

केलं. खरखर गेली. फक्त खूप उंचावर एक बारीक शिट्टी राहिली आहे.

तारजोड

ती इम्युलेटरची. खऱ्या मशीनवर स्वरांची अदलाबदल २७ किलोहर्ट्झला होते, कानाच्या पलीकडे. इम्युलेटर तोच बिट ४४,१०० नमुन्यांत बसवतो आणि आधी गाळला नाही तर २७ किलोहर्ट्झ दुमडून १७ वर येतो. फ्यूज या इम्युलेटरमध्ये स्पीकरचा प्रकार निवडता येतो; 'अनफिल्टर्ड' वर असेल तर 'बीपर' करून पाहा.

खऱ्या ४८के वर टीव्हीतून आवाज येत नाही, पोटातल्या स्पीकरवरच ऐकावं लागतं. मोठा हवा असेल तर मागच्या ईअर किंवा माइक सॉकेटमधून ॲम्प्लिफायरला घ्या, आवाजाची खुंटी आधी शून्यावर ठेवून. १२८के मशीनचं घड्याळ ३.५४६९ मेगाहर्ट्झचं आहे, तिथे हेच आकडे २३ सेंट चढे वाजतील.

मेघमल्हार

ताल कसा घालायचा? आणि फॉलिनचं तंत्र हेच का?

झिलॉग

ताल : स्वर क्षणभर थांबवून मध्ये गोंगाट घुसवायचा. गोंगाट बनवायची गरज नाही, रॉममध्ये आयता आहे. एचएल=०, बी=०; बाइट वाचा (७), ॲंड १६ (७), आउट (११), आयएनसी एचएल (६), डीजेएनझेड (१३). ४४ टी गुणिले २५६, म्हणजे ११,२६४ टी, ३.२ मिलिसेकंद. कान तेवढी खंड पडलेली धरत नाही, ठोका ऐकतो. रॉमच्या वेगवेगळ्या जागेवरून सुरुवात केली की वेगळा बोल निघतो. फिरवताना एचएल आणि बी आधी जपून ठेवा, नाहीतर स्वर उडी मारेल.

आणि ठोक्याचा वेळ त्या मात्रेतून वजा करा. ११,२६४ भागिले १२८ बरोबर ८८ फेऱ्या. मिनिटाला १२० ठोके, ठोक्याला चार भाग, तर एका भागाला ३,४१८ फेऱ्या. ज्या भागात ठोका आहे तिथे ३,३३०. हे केलं नाही तर ठोक्याचे भाग लांबतात आणि लय लंगडते.

चाल वाजवताना प्रत्येक स्वरासाठी बेसिकमधून यूएसआर करू नका. मध्ये बेसिकचा वेळ जातो आणि दर वेळी एचएल शून्य झाल्याने टक् आवाज येतो. आकड्यांची यादी स्मृतीत ठेवून मशीन कोडनेच पुढचा डीई उचला. एचएल जसा आहे तसाच चालू द्या.

फॉलिनचं तंत्र वेगळं. तिथे प्रत्येक स्वराचा एक उलटा मोजणारा काउंटर असतो आणि तो शून्यावर आला की फक्त एक अगदी अरुंद स्पंद सोडला जातो. बाकी वेळ पोर्ट शून्य. स्पंद इतके अरुंद की वेगवेगळ्या स्वरांचे क्वचितच एकमेकांवर पडतात, म्हणून स्वर वाढवले तरी गर्दी होत नाही. स्पंदाची रुंदी बदलून पातळी चढवता-उतरवता येते, त्याच्या चालींतले छेडल्यासारखे स्वर त्यातूनच येतात. तोटा असा की एकूण आवाज बारीक आणि खर्ज पातळ. म्युझिक बॉक्सचा सूर त्यामानाने भरदार.

तारजोड

याच्याही काही वर्षं आधी ॲपल टू या संगणकावर पॉल लुटसने 'इलेक्ट्रिक ड्युएट' (१९८१) मध्ये दोन स्वर काढले होते. तिथली अडचण आणखी अवघड : स्पीकरचा पत्ता ४९२०० नुसता वाचला की पडदा बाजू बदलतो, 'आता १ ठेव' असं सांगताच येत नाही. सध्या पडदा कुठे आहे हे प्रोग्रामनेच लक्षात ठेवायचं. स्पेक्ट्रमवरचा कोड तिकडे नेताना आधी एक्सओआरने बदल झाला का ते बघून, झाला असेल तरच पत्ता वाचायचा, आणि दोन्ही वाटांचे सायकल सारखे करायचे.

चाळीसआठ_के

दोन्ही प्रकार आजच्या संगणकावर बसून लिहायचे असतील तर?

झिलॉग

विंडोजवर बीपोला हा प्रोग्राम. त्यात म्युझिक बॉक्स, सॅव्हेज, फेझर१, ट्रायटोन, ऑक्टोड अशी वेगवेगळी इंजिनं (स्वर वाजवणारी रूटीनं) निवडता येतात. ट्रायटोन तीन स्वरांचं, ऑक्टोड आठांचं. इंजिन चाल लिहायच्या आधी निवडा, कारण प्रत्येकाचा सप्तकाचा पल्ला आणि तालाचे बोल वेगळे. तयार फाइल घेताना पत्ता ३२७६८ किंवा त्याच्या वर आहे ना, एवढं बघा.